सोसणीचा आकडा

शर्वरी चौकशीत खोटं बोलली. माझी सून, सोळा वर्षं या घरात नांदलेली, चार साहेबांसमोर ताठ बसून खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी. घरी आली, हातपाय धुतले, परातीत पीठ घेतलं आणि मला विचारते, "आत्या, भाकरी टाकू का चपाती?"

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात. सोळा वर्षं ती मला आत्या म्हणत आली आणि मी तिला बहुतेक वेळा "अगं ए". तिने मला शिव्या घातल्या असत्या, ताट आपटलं असतं, माहेरी निघून गेली असती, तर मला समजलं असतं. तसलं काही नाही. माझे पाय चेपते. गोळ्या वेळेवर देते. माणसाने माणसाचा राग करावा, त्यात समोरच्याचा मान असतो. ही मला तेवढाही मान द्यायला तयार नाही.

ती काय खोटं बोलली ते कळायला आंबेखिंडीची शर्यत माहीत पाहिजे. बेचाळीस किलोमीटर. निंबवड्याच्या एसटी स्टँडवरून निघायचं, पठारावर पवनचक्क्यांपर्यंत चढायचं, पलीकडे धरणाच्या अंगाला उतरायचं. एकतिसाव्या किलोमीटरला खिंड लागते. तिथून सहा किलोमीटर नुसता चढ, आणि माथ्यावरून हायस्कूलच्या मैदानापर्यंत पाच किलोमीटर उतार. आमच्या तरुणपणी या वाटेने बैलसुद्धा नको म्हणायचे. आता लोक हौसेने पळतात.

पूर्वी शर्यतीला एक माणूस पुरायचा. आता दोन लागतात, एक पळणारा आणि एक सोसणारा. अर्जावर 'सोसणारा' असंच छापलेलं असतं, पण मैदानातल्या मांडवात जाऊन बघा. साठ खाटा असल्या तर अठ्ठावन्नांवर बाया. आया, बायका, बहिणी. गेल्या साली दोन पुरुष होते. त्यातला एक तिसऱ्याच किलोमीटरला "नऊ!" म्हणून ओरडला आणि उठून चहा प्यायला गेला.

ही सोसणी काढली डॉक्टर केळुसकर बाईंनी. मालवणकडची पोरगी, केस कापलेले, वय पस्तिशीच्या आतबाहेर. पहिल्यांदा सोसायला बसणाऱ्या प्रत्येकीला ती स्वतः समोर बसवून समजावते. मला पंचायतीच्या हॉलमध्ये बसवलं होतं.

"आजी, थकवा कुठे येतो सांगा बघू."

"पायात. आणि कमरेत."

"नाही. डोक्यात येतो."

"मग आजपासून सुनेकडून डोकं चेपून घेते."

ती हसली. हसताना बरी दिसत होती. "तुमच्या विहिरीवर मोटार आहे ना? तिला स्टार्टर असतो. मोटार तापायला लागली की जळायच्या आधीच स्टार्टर ट्रिप होतो. आपला मेंदू तेच करतो. पायांत अजून पुष्कळ ताकद शिल्लक असते, पण मेंदू आधीच निरोप धाडतो, पुरे, आता थांब. या निरोपालाच आपण थकवा म्हणतो. तो निरोप आला की भलाभला माणूस खाली बसतो."

"बरं, मग?"

"मग आम्ही तो निरोप पळणाऱ्याला मिळूच देत नाही. त्याच्या टोपीखाली एक पट्टी असते. ती निरोप धरते आणि मांडवात, तुमच्या कपाळावरच्या पट्टीत पाठवते. पाय त्याचे पळतात. दमता तुम्ही."

"म्हणजे मोटार घाटात आणि स्टार्टर माझ्या खाटेवर."

"अगदी तसंच! शाळा किती झालीय हो तुमची?"

"चौथी. त्यातली दोन वर्षं मास्तरांची पोरं सांभाळण्यात गेली."

कागदावर याला श्रमसंक्रमण म्हणतात. सोसणी हे आमचं नाव. मुळात ती मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी काढलेली. दिवसभर गळून पडलेल्या माणसाचा शीण घरच्यांनी दोन-दोन तास वाटून घ्यायचा, तेवढ्यात त्याने उठावं, अंघोळ करावी, दोन घास खावेत. काम मोठ्या पुण्याचं होतं. पण दवाखान्यात पोचायच्या आधी ती शर्यतीत पोचली. लोकांना आजारातून उठायची घाई कमी आणि पुढे जायची जास्त.

मग डॉक्टरीणबाईने आवाज बदलला. "आता नीट ऐका. तुमचं काम एकच. दर दोन किलोमीटरला नर्स विचारील, किती? एक ते दहात आकडा सांगायचा. तुम्ही आठ म्हणालात की त्याच्या कानात निरोप जातो, पळू नको, चाल. नऊ म्हणालात की त्याला जागेवर बसवतात. उन्हात थंडी वाजली, काटा आला, तर काही विचार न करता नऊ म्हणायचं. आकडा खरा सांगायचा, आजी."

"एवढं सगळं यंत्राला कळतं, मग आकडा कळत नाही?"

"हृदयाचे ठोके कळतात. पण खिंडीत सगळ्यांचेच ठोके वाढलेले असतात, त्यावरून कोणाला थांबवायचं? थकवा इकडून तिकडे नेता येतो, मोजता येत नाही. ज्याला होतो, त्यालाच तो ठाऊक. म्हणून तर माणूस लागतं."

मी मान हलवली. मला वाटलं मला समजलं.

संग्राम माझा एकुलता एक. पठारावरच्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला होता. दिवसातून तीनदा ऐंशी मीटर शिडी चढायचा आणि संध्याकाळी पळायला जायचा. मी म्हणायचे, "चढून पोट भरत नाही का तुझं?" त्याला बक्षीस नको होतं. पहिले येणारे कुठले कुठले, ते अडीच तासांच्या आत येतात. याला स्वतःचाच आकडा मोडायचा होता. तीन तास चार मिनिटं ही त्याची सगळ्यात चांगली वेळ. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली होती. तीनच्या आत यायचं, एवढंच त्याचं म्हणणं. चाळिशी यायला दोन वर्षं उरली होती, त्यानंतर पाय मागे ओढतात म्हणायचा.

सात वर्षं त्याच्यासाठी शर्वरी सोसायला बसली. आणि सातही वर्षं खिंडीच्या चढावर, तेहतीस नाहीतर पस्तीस किलोमीटरला, तिने "आठ" म्हटलं. संग्रामला चालावं लागलं. चालला की गेली वेळ. घरी येऊन पायरीवर बसायचा, बूट काढायचा नाही, तिच्याशी दोन-दोन दिवस बोलायचा नाही. ती त्याच्यापुढे गरम पाण्याची बादली ठेवायची.

शर्वरीचं कसं आहे, ती दमली की दमले म्हणते. धुणं झालं, दमले. बाजार करून आली, दमले. तोंडावर सांगते, नवऱ्यासमोर सांगते, आल्यागेल्यासमोर सांगते. मला तो शब्द सहन व्हायचा नाही. आमच्या आईच्या तोंडी तो कधी आला नाही, सासूच्या नाही. संग्राम पोटात असताना मी कालव्याच्या कामावर पाट्या वाहिल्या. मुकादम विचारायचा, "रतनबाई, बसता का जरा?" मी म्हणायचे, "तुम्ही बसा, तुम्ही दमला असाल." सगळ्या बाया हसायच्या. ते हसणं मी चाळीस वर्षं जपलं.

आठव्या वर्षी जेवताना मीच म्हणाले, "या साली मी बसते सोसायला."

संग्रामचा घास हातातच राहिला. "आई, खरंच?"

"आत्या, नको," शर्वरी म्हणाली. "तुम्हाला आकडा सांगता यायचा नाही."

"चौथी शिकलेय. दहापर्यंत येतात मला."

"तसं नाही हो. तुम्ही कधी दमले म्हणतच नाही."

"दमतच नाही तर म्हणू कशाला?"

संग्राम इतका हसला की त्याला ठसका लागला. पाठीत थापटून पाणी दिलं मी. शर्वरी हसली नाही. तिने आमटीचं पातेलं उचललं आणि आत गेली. मी मोठ्याने म्हणाले, आत ऐकू जाईल असं, "दोन चढ चढवत नाहीत हिला, ते पण खाटेवर झोपून."

शर्यत फेब्रुवारीच्या शेवटी. यंदा ऊन लवकर तापलं होतं. सकाळी नऊला संग्राम स्टँडवरून निघाला आणि इकडे मी मांडवात खाटेवर पडले. कपाळावर पट्टी. नर्स पोरगी वहीपेन घेऊन उशाशी. शर्वरी पायथ्याशी उभी. तिला खुर्ची दिली होती, बसली नाही.

सोसणी कशी असते ते ज्याने केली नाही त्याला सांगून कळायचं नाही, तरी सांगते. आधी काही नाही. मग पोटऱ्या भरून येतात, खाटेवर पडल्यापडल्या. मग श्वास नीट चालत असून अंगाला दम लागतो. पण मला काय झालं, मला आनंद झाला. पोर पोटातून बाहेर पडलं, त्यानंतर पहिल्यांदा माझ्या आत आलं होतं. उजव्या घोट्यात एक बारीक ठणका होता. मी शर्वरीला विचारलं, "याचा घोटा दुखतो?"

"मला कधी बोलले नाहीत."

मला कोण कौतुक वाटलं. माझ्यावर गेलाय, म्हटलं.

"शेडगे आजी, किती?"

"दोन."

धरणाकडचा उतार उतरेपर्यंत दोन, फार तर तीन. खिंड लागली आणि अंगावर धोंडा ठेवल्यासारखं झालं. बाजूच्या खाटांवरून आवाज यायला लागले. सात. साडेसात चालतं का हो? आठ, आठ, थांबवा त्याला. एक म्हातारी तर देवाचं नाव घेऊन रडत होती. मला त्यांची कीव आली.

तेहतिसाव्या किलोमीटरला नर्सने विचारलं, "आजी, किती?"

खरा आकडा आठ होता. मला कळत होतं, न कळायला काय झालं. पण आठ म्हणजे तरी काय? आठ घेऊन तर मी रोज सकाळी उठते. आठ घेऊन मी उसाच्या फडावर वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्यात. जे मला चालतं ते माझ्या लेकाला चालेल, असा माझा हिशेब. आणि सोसायचं त्याला होतं कुठे, त्याला तर काही कळतच नव्हतं.

"तीन," मी म्हणाले.

"आत्या, तुमचे ओठ पांढरे पडलेत."

"तू घरी जा. पुरण शिजायला टाक. तीनच्या आत येणार आहे आज तो."

ती गेली नाही. पस्तिसाव्याला मी पुन्हा तीन सांगितलं. सदतिसाव्याला, म्हणजे संग्राम खिंडीच्या माथ्यावर पोचला तेव्हा, मला थंडी वाजली. मांडवाबाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, नर्सच्या ओठावर घाम होता, आणि माझ्या दंडावर सरसरून काटा आला. दात एकमेकांवर वाजायला लागले. मी ते दाबून धरले.

शर्वरी धावत उशाशी आली. तिने माझा दंड धरला. "काटा आलाय त्यांना! सिस्टर, नऊ लिहा. नऊ लिहा ना!"

"ताई, नियम आहे," नर्स म्हणाली. बिचारी घाबरली होती. "सोसणाऱ्यानेच सांगायचं. आजी, किती?"

मी शर्वरीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, हात जोडले होते तिने. आता इथे मी नऊ म्हटलं की सात वर्षं मी हिला जे बोलले ते सगळं उलटून माझ्या तोंडात. मनात आलं ते हेच होतं. दुसरं काही नव्हतं.

"चार," मी म्हणाले.

मग उरलेले पाच किलोमीटर मी छताच्या कापडाकडे बघत काढले. काय काढले ते सांगणार नाही. बाळंतपणात मी ओरडले नव्हते, तेवढीच ओळख त्याची देता येईल.

लाउडस्पीकरवर नाव आलं. संग्राम शेडगे, दोन तास अठ्ठावन्न मिनिटं चाळीस सेकंद. मैदानात टाळ्या वाजल्या. कोणीतरी हलगी वाजवत होतं. शर्वरी बाहेर पळणार, तेवढ्यात तोच आत आला, टोपीसकट, पळतच. हसत होता. तोंड लालबुंद, आणि घाम नाही. कपाळावर नुसतं वाळलेलं मीठ.

"आई! दोन अठ्ठावन्न! आणि काही म्हणजे काही वाटत नाही गं मला. परत एकदा जाऊन येऊ का?"

"आधी इकडे ये," मी म्हणाले.

तो पाया पडायला वाकला. त्याचं कपाळ माझ्या पावलांना लागलं. तापलेल्या तव्यासारखं होतं. मी म्हणाले, "औक्षवंत हो."

आणि त्याच क्षणी माझ्या अंगातला सगळा शीण गेला. एकदम. पोटऱ्या सुटल्या, छातीवरचा धोंडा उतरला, थंडी गेली, घोट्यातला ठणकासुद्धा गेला. इतकं हलकं मला लग्नाआधीही कधी वाटलं नव्हतं. मी डोळे मिटले आणि मोठा सुस्कारा सोडला. संपली शर्यत, म्हटलं. बरं वाटलं मला. माझं पोर माझ्या पायांवर गेलं होतं आणि मला बरं वाटत होतं. शर्वरीची किंकाळी ऐकू येईपर्यंत मी ते सुख घेत पडले होते.

शरीर उन्हाने आतून भाजून निघालं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. साधा माणूस चार किलोमीटर आधीच कोसळला असता, सावलीत नेऊन पाणी ओतलं असतं तर वाचलाही असता. याला कोसळायचा निरोपच मिळाला नाही. निरोप माझ्याकडे आला होता.

चौकशी बसली. मला त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हातारी बाई, पोटचं पोर गेलेलं, म्हणून सोडून दिलं. शर्वरीला मात्र नीट विचारलं. "तुम्ही खाटेजवळ होतात. सासूबाईंनी सांगितलेले आकडे खरे होते?"

"हो," ती म्हणाली. "आत्या खोटं बोलत नाहीत."

परवा दुपारी केळुसकर बाई घरी आल्या. हातात कागद. बाई वाळली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. कागद पुढे करेना, नुसता मांडीवर धरून बसली.

"समितीचं म्हणणं आलंय, आजी. संग्रामच्या हृदयात आधीपासूनच दोष असावा, सोसणीत चूक नाही, असं लिहिलंय. आकडे कमी होते ना तुमचे."

"बरं."

"आणखी एक आहे. तुमची वही सगळीकडे फिरली. आख्खी खिंड चढून फक्त चार, असा आकडा आजवर कोणाचाच आलेला नाही. पुढच्या वर्षीपासून साठीच्या वरच्या, कष्टाची सवय असलेल्या बायकांना आधी घ्यायचं ठरतंय. बाराशे अर्ज आलेत. पोरं आपल्या आया घेऊन येतायत. तुम्ही इथे सही केलीत की झालं." तिने कागद ठेवला आणि पेन हातातच ठेवलं. "सही करायच्या आधी मला एक सांगाल? मला झोप लागत नाही म्हणून विचारते. सदतिसाव्याला खरंच चार होतं?"

"चारच होतं," स्वयंपाकघरातून शर्वरी म्हणाली. "मी होते तिथे." आणि दारात येऊन उभी राहिली, हात पिठाने भरलेले. माझ्याकडे बघून तिने बारीक मान हलवली. गप्प राहा आत्या, असं सांगत होती मला.

माझ्या डोळ्यांसमोर तो मांडव आला. बाराशे खाटा, बाराशे आया, आणि त्यांतल्या एकीलाही दमले म्हणता येत नाही.

"नऊ होतं," मी म्हणाले. "तेहतिसाव्याला आठ, सदतिसाव्याला नऊ. त्याच्यापुढे जे होतं त्याला तुम्ही आकडा ठेवलेला नाही, बाई."

केळुसकर बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. मग म्हणाल्या, "का सांगितलं नाहीत?"

"ही समोर उभी होती म्हणून."

शर्वरी भिंतीला टेकली. पिठाचे हात तसेच पुढे धरलेले, जणू कोणी काहीतरी देणार आहे त्यात. मी उठले. पायांत काही राहिलेलं नाही आता, तरी उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"शर्वरे, वर बघ. तू दमले म्हणायचीस आणि तो घरी यायचा. सात वेळा आणलास त्याला तू, रुसलेला, रागावलेला, पण आपल्या पायांनी चालत आणलास. मला एकदाच दिलास तू माझा लेक, आणि मला तो एकदासुद्धा परत आणता आला नाही. हे तू बोलायला पाहिजे होतंस, त्या चार साहेबांसमोर, माझं नाव घेऊन. माझ्यावर दया केलीस ना, ते तुझं चुकलं. चुकलं ते चुकलं, पोरी. आता ते पीठ ठेव खाली, आणि दमली असशील तर बस."